दुसऱ्याचं म्हणणं

१

गुरुवारी सकाळी लिफ्ट घसरली आणि शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोषी कोण ते ठरूनही गेलं. ठरवलं कोणी, तर 'वर-खाली'ने. 'वर-खाली' म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचा ऑनलाइन ग्रुप. चारशे मेकॅनिक, आणि चारशेंनाही प्रत्येक गोष्टीवर मत.

झालं होतं ते असं. एका सहा मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून खाली निघालेली लिफ्ट तळमजल्यावर थांबलीच नाही. ब्रेक लागला, पुलीही थांबली, पण तिच्यावरचे तारेचे दोर तेलाने इतके निथळत होते की ते घसरतच राहिले आणि लिफ्ट खालच्या खड्ड्यात जाऊन आदळली. आत एकच बाई होती, शिवणकाम करणारी. तिचा उजवा घोटा मोडला, आणि शिलाई मशीन चालवायचं म्हटलं तर तोच पाय कामाचा.

तिथल्या मेकॅनिकला सगळे नवरदेव म्हणायचे, कारण नोकरीच्या पहिल्या दिवशी तो लग्नातला सूट घालून आला होता. आता त्याला एक पोर झालं, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. दोरांना एवढं तेल का पाजलंस, असं विचारल्यावर त्याने मोबाइलमधला दोन वर्षांपूर्वीचा एक स्क्रीनशॉट पुढे केला. वर उस्तादांचं नाव आणि फोटो, खाली मजकूर:

"माझं मत असं. दोरावर लाल भुकटी दिसली की लगेच तो बदलायची घाई नको. लिफ्टच्या दिवसाला दोनशेच्या आत फेऱ्या असतील तर दोरांना नीट तेल पाजा. सहा महिने आरामात निघतील."

उस्ताद म्हणजे चाळीस वर्षं मशीनरूममध्ये काढलेला माणूस. अर्धा ग्रुप त्यांच्याच वर्कशॉपमध्ये पाना धरायला शिकलेला, आणि आता शिव्या देण्यात तोच अर्धा सगळ्यांच्या पुढे होता. 'म्हाताऱ्याने माणसं मारायचा क्लास काढलाय.' 'लायसन्स काढून घ्या.' एकाने नुसत्या टाळ्या पाठवल्या होत्या. त्या कशासाठी, हे त्यालाच ठाऊक.

मॅडम हे सगळं एकेक करून वाचत होत्या. एकतीस वर्षं सरकारी लिफ्ट तपासणीस म्हणून नोकरी करून, खुर्ची, शिक्का आणि ऑफिसचा फोन परत देऊन त्या मागच्या वर्षी उन्हाळ्यात निवृत्त झाल्या होत्या. त्या दिवशी सकाळीच परवाना समितीने ही चौकशी त्यांच्याकडे सोपवली होती. सोमवारी अकरा वाजता बैठक. तोवर दुसरं काही पुढे आलं नाही, तर उस्तादांचं लायसन्स रद्द होणार, आणि त्या लायसन्सवर त्यांची लेक चालवत असलेल्या वर्कशॉपला कुलूप लागणार.

मॅडमनी मूळ चर्चा शोधली. आधी नावाने, मग तारखेने, मग एकेक दिवस मागे जात. त्या दिवसाच्या आधीच्या चर्चा जागेवर होत्या, नंतरच्याही होत्या. मधली ही एकच गायब होती.

२

"तुम्ही तरी खरं माना, मॅडम," शनिवारी सकाळी दार उघडता उघडताच उस्तादांची लेक म्हणाली. तिच्या हाताला ग्रीस होतं आणि डोळ्यांखाली दोन रात्रींची जागरणं. "लाल भुकटी म्हणजे दोर आतून गंजतोय. ती दिसली की बाबा लिफ्ट बंद करून किल्ली खिशात टाकायचे. मालक ओरडू दे, भाडेकरू ओरडू दे. ते असं लिहितील?"

"लिहिलंय तर त्यांनीच."

"लिहिलंय. पण दुसऱ्याचं."

मॅडमनी मान डोलावली. त्यांच्याही मनात तेच आलं होतं. ग्रुपचा एक नियम होता, तोही उस्तादांनीच घातलेला. कोणाचं मत खोडायचं असेल, तर आधी त्याच्या जागी उभं राहायचं आणि 'मी' म्हणून त्याचं म्हणणं त्याच्याच कारणांसकट लिहायचं. आपल्या मनाची कारणं घुसडायची नाहीत. समोरच्याने 'बरोबर, मी हेच म्हणतोय' असं कबूल केलं की मगच खाली आपलं मांडायचं. नवीन माणसाला वाटायचं, हे लोक एका दमात स्वतःशीच भांडतात. पण या नियमामुळे कितीतरी भांडणं सुरू व्हायच्या आधीच मिटली होती. उस्ताद आजारी पडले आणि त्यांच्यामागोमाग नियमानेही अंथरूण धरलं.

मॅडमनी तिथूनच समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नियम छान आहे हो. मग ज्याचं ते मत होतं, त्या माणसाला आणा. नाहीतर उद्या कोणीही उठून म्हणेल, लिहिलं मी, पण माझं नाही."

उस्ताद खिडकीशी खुर्चीत बसले होते. सहा महिन्यांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मागे उरला एकच शब्द. समितीचा माणूस येऊन स्क्रीनशॉट दाखवून गेला तेव्हा त्यांनी तोच उच्चारला होता आणि तो कबुलीजबाब म्हणून कागदावर चढला होता.

"उस्ताद, हे मत तुमचं?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"म्हणजे दुसऱ्याचं?"

"हो."

"पाणी नको असतं तेव्हाही ते हो म्हणतात," लेक म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

"तो माणूस माझ्या ओळखीचा आहे का?"

"हो. हो. हो." उस्तादांचा डावा हात उचलला गेला, मॅडमच्या मनगटावर आला आणि दोन बोटं तिथे टकटक आपटत राहिली. डोळे भरून आले होते. मॅडमना वाटलं, म्हातारा गयावया करतोय. त्यांनी तो हात दोन्ही हातांत धरला.

"काळजी करू नका. मी त्याला शोधून काढते, कुठेही लपलेला असू दे."

उस्तादांनी डोळे मिटून घेतले. या वेळी मात्र ते हो म्हणाले नाहीत.

३

नवरदेव त्या इमारतीच्या मशीनरूममध्येच भेटला. कामावरून घरी बसवलेलं असूनही तो तिथे येऊन दोर पुसत होता. मॅडमना बघताच तो उठून उभा राहिला.

"मॅडम, मी तेव्हा कामाला लागून दोन महिने झाले होते. कोणाला विचारायची लाज वाटायची. ग्रुपवर मोठी माणसं लिहायची ते पुस्तकासारखं वाचायचो. हा नियमबियम मला कोणी सांगितलाच नाही."

"स्क्रीनशॉटच्या खाली आणखी काही होतं?"

"होतं ना. लांबलचक होतं. वर कोणाचं काय होतं, तेही मी बघितलं नाही."

"मग ते का नाही घेतलंस?"

नवरदेवाने फडकं पिळलं. "मला उत्तर मिळालं होतं, मॅडम."

मॅडमना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याच क्षणी त्याची दयाही आली. बोलता बोलता एकतीस वर्षांच्या सवयीने त्यांनी पॅनेलवरचा आकडा वाचला, त्यातून आधीची नोंद वजा केली, दिवसांनी भागलं आणि वहीत टिपलं: दिवसाला सरासरी एकशे साठ फेऱ्या.

"दोनशेच्या आत आहेत, हे कसं बघितलंस?"

"बघितलं नाही. इमारत लहान, वर्दळ कमी, म्हटलं असतील." त्याने पॅनेलकडे नजर टाकली. "तो आकडा फेऱ्यांचा असतो होय?"

मॅडमनी वही मिटली. "ती चर्चा आणखी कोणी वाचली होती?"

"दोर विकणाऱ्या शेठचा लाइकचा अंगठा होता खाली. आणि तांत्रिक शाळेतल्या हेडमास्तरांचा." मग तो हळूच म्हणाला, "मॅडम, माझं जे व्हायचं ते होऊ दे. पण उस्तादांना असं कोणी बोलायला नको होतं. मी तो स्क्रीनशॉट दाखवला तेव्हा मला वाटलं, ते मोठे आहेत, त्यांना कोण काय करणार."

४

दोरवाल्याच्या दुकानात डाव्या भिंतीला दोरांची वेटोळी आणि उजव्या भिंतीला तेलाचे डबे. मॅडमची नजर आधी डब्यांवर गेली. दोर बदलू नका, तेल पाजा, असं सांगण्यात कोणाचं भलं? मग त्यांनी डावीकडे पाहिलं. दोर बदलले तरी भलं याचंच. ही वाट तिथेच बंद झाली.

"दोन वर्षांपूर्वी दोराच्या लाल भुकटीवर चर्चा झाली होती," मॅडम म्हणाल्या. "उस्ताद कोणाला उत्तर देत होते?"

दोरवाला मोजपट्टी गुंडाळत होता. त्याचा हात थांबला.

"मॅडम, हे तुम्ही मला विचारताय?"

"मग कोणाला विचारू?"

तो त्यांच्याकडे बघत राहिला, मग भिंतीकडे बघायला लागला. "मला नाही आठवत."

"तुमचा अंगठा होता त्यावर."

"अंगठे काय, दिवसाला पन्नास देतो." त्याने खुर्ची पुढे सरकवली, ती आधीच पुसलेली असताना पुन्हा पुसली. "शुक्रवारी उस्तादांच्या बाजूने एक ओळ लिहिली मी. एकच. त्यावर दोनशे शिव्या आल्या. माझा मुलगासुद्धा त्याच ग्रुपवर आहे, तो जेवताना माझ्याकडे बघेना. तेव्हा कानाला खडा लावला. आता मी कोणाच्या बाजूचा नाही आणि कोणाच्या विरुद्ध नाही."

"चर्चा कोणी पुसली?"

"ती एकटीच नाही गेली. दाराच्या कुलपांची गेली, खड्ड्यातल्या पाण्याची गेली. मागच्या वर्षी, एप्रिल संपता संपता. एका दिवसात आठ-दहा." एवढं बोलून त्याने जीभ चावली. मग अगदी अजिजीने म्हणाला, "मॅडम, तुमचं आमचं इतकी वर्षं चांगलं आहे. ते तसंच राहू द्या ना."

मॅडम दुकानाबाहेर पडल्या तेव्हा त्यांची खात्री झाली होती. हा माणूस काहीतरी लपवतोय. ग्रुपवरच्या चर्चा पुसण्याचा अधिकार चौघांकडे होता: उस्ताद, मॅडम, हेडमास्तर आणि हा. उस्तादांनी आपलंच लिहिलेलं पुसायचं काही कारण नव्हतं. उरले दोघे. मनातल्या मनात मॅडमनी त्या दोघांना समितीपुढे उभंही केलं.

तेवढ्यात पर्समध्ये मोबाइल थरथरला. हेडमास्तरांचा निरोप होता.

'हा तपास सोडा. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.'

५

हेडमास्तर म्हणजे तांत्रिक शाळेतले लिफ्टचे शिक्षक. तोंडावर कडक, मनाने भित्रे. रविवारी सकाळी मॅडम त्यांच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा ते झाडांना पाणी घालत होते, आणि घाबरून त्यांनी ते स्वतःच्या चपलांवर घातलं.

"धमकी देताय मला?"

"मी? तुम्हाला?" हेडमास्तर खरोखरच दुखावले. "मॅडम, माझ्या परीक्षेला तुम्ही परीक्षक होतात. माझा ब्रेक चुकीचा बसला होता, तो काढून पुन्हा बसवायला लावलात आणि मग पास केलंत. मी तुम्हाला धमकी देईन?"

"मग सरळ सांगा. मत कोणाचं होतं?"

"नाही सांगणार."

"उद्या उस्तादांचं लायसन्स जाईल. ती पोरगी रस्त्यावर येईल."

"ठाऊक आहे. दोन दिवस झाले, गळ्याखाली घास उतरत नाही." त्यांनी झारी खाली ठेवली. "ग्रुपवर बोललो तर चारशे लोक अंगावर येतात. तुमच्या तोंडावर बोललो तर... तेही मला जमणार नाही. माझ्यात ती हिंमतच नाही, मॅडम. एवढंच सांगतो. तो मजकूर पुन्हा वाचा. उस्ताद समोरच्याची कारणं कधी बदलत नसत, शब्दाला शब्द ठेवायचे. असं कारण मेकॅनिक देईल का, ते बघा."

मॅडम फाटकापर्यंत गेल्या. मागून हेडमास्तरांचा आवाज आला. "आणि मॅडम, आम्हाला वाटलं होतं, तुम्हाला आठवत असेल."

६

घरी येऊन मॅडमनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोबाइल ठेवला आणि तो मजकूर पुन्हा वाचला. ओट्याशी नवरा भाजी चिरत होता.

लाल भुकटी. घाई नको. दिवसाला दोनशेच्या आत फेऱ्या.

फेऱ्या.

मेकॅनिक दोराचं आयुष्य महिन्या-वर्षांवर मोजतो. अमक्या साली घातला, तमक्या साली काढायचा. फेऱ्या तो कधीच मोजत नाही. पॅनेलवरचा तो आकडा कशाचा, हे नवरदेवाला माहीतसुद्धा नव्हतं. फेऱ्यांचा रकाना फक्त एकाच कागदावर असतो, सरकारी तपासणीच्या तक्त्यावर. तो तक्ता भरतो तपासणीस. म्हणजे ते मत मेकॅनिकचं नव्हतं, दुकानदाराचं नव्हतं, मास्तराचंही नव्हतं. ते तपासणीसाचं होतं.

आणि चारशे माणसांच्या त्या ग्रुपमध्ये तपासणीस एकच होती.

"शक्य नाही," मॅडम मोठ्याने म्हणाल्या. दोरांना असं तेल पाजण्याविरुद्ध तर त्या स्वतः गेली दोन वर्षं कंठशोष करत होत्या! किती जणांना त्यांनी त्यासाठी झापलं होतं.

गेली दोन वर्षं. आणि त्याआधी?

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसायला लागली. आठ-दहा चर्चा एका दिवसात एकदम जातात त्या कोणी बसून पुसल्यामुळे नाही. ज्याने चर्चा सुरू केली त्याचं खातं बंद झालं, की त्या खात्यावरून निघालेलं सगळंच जातं. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी मॅडमनी ऑफिसचा फोन परत दिला होता. देण्याआधी त्यावरची सगळी खाती नेमाने बंद केली होती, नियमात होतं म्हणून. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या फोनवरून त्या ग्रुपमध्ये नव्याने दाखल झाल्या होत्या. दाराची कुलपं, खड्ड्यातलं पाणी, दोरावरची भुकटी, सगळ्या चर्चा त्यांनीच सुरू केलेल्या.

मनगटावर उस्तादांची दोन बोटं टकटक वाजली होती. ते गयावया करत नव्हते. दाखवत होते.

"काय झालं गं?" नवऱ्याने सुरी बाजूला ठेवली. "पांढरीफटक पडलीयस."

मॅडमनी सांगितलं. सांगता सांगताच त्यांना ती दुपार हळूहळू आठवायला लागली: आपण मोठ्या रुबाबात लिहिलेलं, उस्तादांनी ते जसंच्या तसं मांडलेलं, मग तेल जास्त झालं की दोर कसा घसरतो ते पायरी-पायरीने समजावलेलं. इतक्या गोडीने समजावलं होतं की हरल्यासारखं वाटलंच नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यांचं मत आपलं झालं होतं, आणि महिन्याभरात ते पहिल्यापासून आपलंच होतं असं वाटायला लागलं होतं.

नवऱ्याने खुर्ची ओढून घेतली. मग म्हणाला, "चर्चा गेलीय. उस्तादांना बोलता येत नाही. ते दोघे तोंड उघडणार नाहीत. तू नाही बोललीस, तर कोणाला कळणार?"

"कोणालाच नाही."

"मग?"

मॅडमना खरंच भीती वाटत होती. एकतीस वर्षांत एकाही कागदावर शेरा नव्हता. त्या शुक्रवारपासून ग्रुपवरच्या शिव्या वाचत होत्या, आणि त्या शिव्यांमध्ये आपलं नाव कसं दिसेल ते त्यांना अगदी स्पष्ट दिसत होतं.

७

सोमवारी अकरा वाजता अध्यक्षांनी चष्मा चढवला. "काय मॅडम, सापडला का तो दुसरा?"

"सापडला. ते मत माझं होतं."

मॅडमनी फेऱ्यांचा हिशोब सांगितला, बंद केलेल्या खात्याचा सांगितला, उस्तादांनी आपल्याला कसं खोडून काढलं तेही सांगितलं. शब्द एकही गाळला नाही.

"पुरावा काय?" अध्यक्ष म्हणाले.

"चर्चा माझ्याच हाताने गेली. माझ्या बोलण्यापलीकडे पुरावा नाही."

मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दोरवाला उभा राहिला होता. "आहे. मी वाचलं होतं." त्याच्या शेजारी हेडमास्तर उठले, घाम पुसत. "मीही. मॅडमनी शेवटी लिहिलं होतं, पटलं, माझं चुकलं."

पाऊण तासाने निकाल झाला. उस्तादांचं लायसन्स कायम राहिलं, वर्कशॉप चालू राहिलं. नवरदेवावर आणि त्याच्या मालकावर कारवाई ठरली. मॅडमचं नाव समितीच्या यादीतून वगळलं गेलं आणि त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. त्या शिवणकामवाल्या बाईला भेटून हे सगळं स्वतः सांगायची परवानगी मॅडमनी मागितली, ती मिळाली.

बाहेर जिन्यात उस्तादांची लेक उभी होती.

"आत चौघांसमोर बोललात," ती म्हणाली. "बाबांना चारशेंसमोर बोलले होते लोक."

मॅडमनी मोबाइल पुढे केला. बैठकीत शिरण्यापूर्वीच त्यांनी ग्रुपवर सगळं लिहून टाकलं होतं. खाली उत्तरं धो धो येत होती. लेकीने वाचायला सुरुवात केली. "'सरकारी बाई, लोकांचे पाय मोडून पेन्शन खाते.' 'हिला खड्ड्यात टाका.' 'उस्ताद देवमाणूस, आम्ही आधीच सांगत होतो...'" ती त्या नावावर थांबली. "हाच, मॅडम. हाच माणूस बाबांना खुनी म्हणाला होता. शुक्रवारी."

तिने मोबाइल परत दिला. तिला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

"मला तुमचा राग आलाय," ती म्हणाली. "खूप आलाय. तुम्ही विसरलात, हे मला पटतं, पण तरी राग जात नाही. बाबा सहा महिने त्या खुर्चीत बसून आहेत, आणि तीन दिवस लोकांनी... तुम्ही त्यांचा हात धरून म्हणालात, शोधून काढते त्याला. त्यांना काय वाटलं असेल? पण मला हे ग्रुपवरच्या लोकांसारखं लिहायचं नाही. मला तुमच्याशी बोलायचंय, इथेच. चालेल?"

मॅडमच्या मनात कितीतरी उत्तरं गोळा झाली होती. वय, नोकरी, विसरभोळेपणा, आज आत दाखवलेली हिंमत. त्यांनी मोबाइल बंद करून पर्समध्ये टाकला आणि त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"बोल," त्या म्हणाल्या.

लेक उभ्यानेच बोलायला लागली. बोलणं संपेपर्यंत कचेरीतली जेवणाची सुट्टी होऊन गेली. मॅडमनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.